बाबांची खाकी कव्हरं

माझ्या सासऱ्यांना बिनकव्हरचं पुस्तक बघवत नाही. नागपूरला जून लागला की अख्ख्या गल्लीतल्या पोरांची पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि खाकी गणवेश चढवून घरी जायची. इथे आयर्लंडला तीन महिन्यांसाठी आले, तर पहिल्याच आठवड्यात आमच्या गाडीच्या माहितीपुस्तकाला कव्हर! माझा नवरा, प्रसन्न, हसला. त्याचं काय जातंय, गाडी मी चालवते.

तर हे असे बाबा घरात, आणि डायनिंग टेबलावर केतकीचा पुस्तकांचा खोका. केतकी माझी लेक, वय चौदा. ती आणि तिची मैत्रीण टेमी यांना आमच्या गावच्या, कॅरिगलाइनच्या लायब्ररीत एक शेल्फ मांडायचं होतं: कृष्णवर्णीय लेखकांची, लहान आणि मोठ्या मुलांनी वाचावीत अशी पुस्तकं. निवड दोघींची आणि प्रत्येक पुस्तकाखाली 'हे का वाचावं' सांगणारं कार्डही त्यांचंच.

टेमीचे आईवडील नायजेरियाचे, ती स्वतः जन्माने कॉर्कची. लहानपणी ती लायब्ररीत गेली की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपल्यासारखा एखादा चेहरा सापडतो का, ते शोधत फिरायची. क्वचितच सापडायचा. आता तिची धाकटी बहीण सिमी सहा वर्षांची झाली होती आणि शनिवारी तीन वाजता आईबरोबर शेल्फ बघायला येणार होती. म्हणून टेमीची एकच अट होती: सगळी पुस्तकं तोंड पुढे करून उभी राहतील, सिमीला शोधावं लागणार नाही. केतकीने मला हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिचा रंग माझ्यावर गेलाय. सुट्टीत घरी गेलो की कोणीतरी तिला डाळीचं पीठ आणि साय सुचवतंच, आणि ती हसून टाळते.

शनिवारी सकाळी माझी रिंगास्किडीला प्लांटमध्ये अर्धी पाळी होती. येताना दोघींना कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, मैदानावरून उचललं. चिखलाने माखलेल्या, हातात स्टिका, तोंडाला खळ नाही. दार उघडून आत गेल्या आणि टेबलाशी थबकल्या.

टेबलावर खाकी पुस्तकांची चळत. जिन्याखालच्या कपाटात मी पार्सलांचा कागद जपून ठेवला होता, तो बाबांनी शोधून काढला होता. कोपरे कसे, सुरीसारखे! वर लेबलं, मोत्यासारख्या अक्षरात: केतकी प्रसन्न मोहरील, इयत्ता आठवी. सगळी पुस्तकं सारखी, एकही चेहरा दिसत नव्हता.

"आजोबा! व्हॉट हॅव यू डन?" केतकी ओरडली.

टेमीने एक पुस्तक उचललं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं. "दे आर ग्रँड, आजोबा. थँक यू," ती अगदी हळू म्हणाली. इथली माणसं अशा आवाजात 'ग्रँड' म्हणाली की समजावं, सगळं संपलं.

माझा पारा चढला. "बाबा, निदान विचारायचं तरी होतं!"

"काहून? नवी कोरी पुस्तकं तशीच पडून राहिली होती. दहा पोरांचे हात लागतील, खराब नाही होणार का?"

"अहो, चेहरे दिसावेत म्हणून तर केलंय ना हे सगळं!" मग मी त्यांना सगळं सांगितलं, सिमीचंही.

बाबांनी वरचं पुस्तक ओढलं. घडी न मोडता कव्हर उतरवलं. आत एक काळीसावळी मुलगी, केसांच्या बारीक बारीक वेण्या, खदखदून हसणारी. ते तिच्याकडे बघत राहिले.

"हे चित्र मी सकाळीच पाहिलं होतं," ते म्हणाले. "फार गोड पोरगी आहे. म्हणून तर पहिलं कव्हर हिला घातलं. आपल्याला काय, चांगलं दिसलं की झाकून ठेवायचं, तेवढंच शिकलो बाप्पा."

केतकीने हे टेमीला इंग्रजीत सांगितलं. टेमीने बाहीने डोळे पुसले आणि फिस्सकन हसली. माझा राग कुठल्या कुठे गेला, खोटं का सांगू.

मग चौघं मिळून कव्हरं उतरवायला बसलो. फाडायची परवानगी नव्हती. एकेक चेहरा बाहेर आला की टेमी त्याची गोष्ट सांगायची, केतकी मराठीत करायची. इतकं मराठी ती वर्षभरात बोलली नसेल. अडली की बाबा शब्द पुरवायचे.

"हिला विचार," बाबा केतकीला म्हणाले, "माझं इंग्रजी हळूहळू चालतं. मी कोणतं वाचू?"

टेमीने खरंच विचार केला. मग ते वेण्यांच्या मुलीचंच त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, यात आजोबा आहेत, आणि ते चुकतातसुद्धा. पण आधी सिमीचा नंबर.

तीनला पाच मिनिटं असताना शेल्फ लागलं. सिमी आली, समोर उभी राहिली. मग वेण्यांच्या मुलीचं पुस्तक काढून तिथेच गालिच्यावर फतकल मारली. तिच्या आईने माझा हात दाबला. बाबा लांब उभे होते, हात मागे बांधून. सिमीची बोटं चिकट होती, मी बघितलं. बाबांनीही बघितलं, पण हात मागेच ठेवले.

पुढच्या शनिवारी टेमी एकटीच दाराशी. हातात एक जुनं पुस्तक, पाठ सुटलेली, कोपरे कुरतडलेले. लहानपणी शोधून शोधून सापडलेलं तिचं पहिलं पुस्तक. ते तिने आजतागायत कोणाला दिलं नव्हतं.

"आजोबा, याला कव्हर घालाल?" तिने इंग्रजीत विचारलं.

बाबांनी कागद मापला, कोपरे दुमडले, मग थांबून मला म्हणाले, "शुभदा, ब्लेड आहे का गं?" त्यांनी कागदाला मधोमध गोल खिडकी कापली. खाकी कागदातून मुखपृष्ठावरचा मुलगा बाहेर बघू लागला.

टेमीने पुस्तक छातीशी धरलं, चेहरा आमच्याकडे करून.