माणूस असल्याचा पुरावा

"पैसे देत नाहीत म्हणता?"

"नाही."

"मग तुमच्याकडून काही मागतात? आधार नंबर, ओटीपी, निदान नोंदणीची फी?"

"काहीच मागत नाहीत गे."

"मग नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय," मी डब्याचं झाकण दाबत म्हणाले. "फुकट काम करून घेणारा आणि वर काही न मागणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

आमचे हे, बिंदुमाधव, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, पायात मोजेसुद्धा. जायचं मात्र कुठंच नव्हतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायच्या, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. फेब्रुवारीत कंपनीनं त्यांच्या अख्ख्या विभागाला घरी बसवलं. आता म्हणे चुका काढायचं कामही मशीनच करणार. तरी हे रोज सकाळी मोजे घालतात, आणि मला ते बघवत नाही.

"हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नसतं," ते मला समजावायला लागले. "आतलं सगळं उघडं ठेवलेलं असतं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करावी. त्याला ओपन सोर्स म्हणतात."

"म्हणजे राखणदार नसलेलं दुकान."

"तसं म्हण. सरी." सरी म्हणजे ‘बरं’; इथं राहून राहून ह्यांच्या तोंडी बसलेलं कानडी.

संशय घेऊ नकोस, असं मला कुणी सांगू नये. मी विमा कंपनीत क्लेम विभागात आहे, संशयाचाच पगार घेते. हॉस्पिटलचं बिल चुरगळलेलं असलं, डॉक्टरचं अक्षर लागत नसलं, कोपऱ्यात चहाचा डाग असला, की मी निर्धास्त सही करते. पण सगळं कसं छान, सरळ रेषेत, एकही खाडाखोड नाही, असं दिसलं की माझा हात थांबतो. बहुतेक वेळा ते खोटंच निघतं.

हे ओपन सोर्सचं खूळ ह्यांच्या डोक्यात घातलं दयानंदानं. हा ऑफिसात ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, ह्यांच्याबरोबरच घरी बसला. माणूस निपाणीचा, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचा, पण म्हणून काय झालं? पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हाच मला आवडला नव्हता. बोलताना डोळे खिडकीबाहेर.

"वहिनी, पन्नाशी उलटली की नुसत्या अर्जाला कोण कुत्रं विचारत नाही," बशीतला चिवडा संपवत तो म्हणाला होता. "अशा प्रोजेक्टांत नाव दिसाय पाहिजे. मी तर मशीनलाच सांगतो. तूच शोध, तूच लिही, तूच पाठव. ढिगानं पाठवलंय बघा."

"आणि त्यांनी घेतलं?"

"घेत्यात की एखादं."

हे गप्प राहिले होते. त्यांना ते पटलं नव्हतं हे मला दिसलं, पण गप्प राहिले हेही मी मनात ठेवलं.

मग ह्यांचं शोधणं सुरू झालं. नवख्यांसाठी सोपं काम, अशी चिठ्ठी लावलेली कामं असतात म्हणे. हे एखादं नीट वाचून समजून घेईपर्यंत जगातल्या कुठल्या तरी पोरानं ते पळवलेलं असायचं. कधी एखादा प्रोजेक्ट वर्षानुवर्षं बंद पडलेला निघायचा, कधी आतलं बोलणं इतकं उद्धट असायचं की हे लॅपटॉप मिटून मुकाट्यानं भाजी चिरायला बसायचे. संध्याकाळी मी मेट्रोतून उतरून बनशंकरीच्या बाजारातनं घरी यायचे, तेव्हा ह्यांच्या तोंडावरूनच कळायचं, आजही काही सापडलं नाही.

"कशाला जीव काढताय?" एकदा मी चिडून विचारलं. "त्यानं नोकरी मिळेल याची कुणी हमी दिलीय?"

"नोकरीचं सोड," ते म्हणाले. "कुठंतरी माझं नाव असावं गे. घरी बसल्यापासून माझं नाव फक्त गॅसच्या बुकिंगवर आहे."

मी पिशवीतली कोथिंबीर काढून ठेवली.

आणि मग त्यांना सापडलं, तेही स्वतःच्या फोनमध्ये. हे पहाटे उठून कॉफी करतात. ते खातं त्यांचंच, माझी कॉफी पाणचट होते असं लग्नापासूनचं म्हणणं. कॉफी झाली की दिवाणखान्यात बसून पदं म्हणतात. सुराला तंबोऱ्याचं ॲप लावतात. ते ॲपही असंच, उघडं ठेवलेलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं. शेवटच्या पानावर हातभार लावणाऱ्यांची नावं. त्या तंबोऱ्यात मध्येच बारीक ‘खट्’ वाजायचं. तारेचा आवाज संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तो सांधा नीट जुळला नव्हता. मला कधी ऐकूही आलं नाही. ह्यांचं मात्र त्या जागी दर वेळी पद अडखळायचं.

दोन दिवस खपून ह्यांनी रिपोर्ट लिहिला. मला वाचून दाखवला. आदरणीय महोदय, आपल्या निःस्वार्थ सेवेबद्दल मनःपूर्वक आभार, इथपासून सुरुवात. मग मथळे पाडलेले, क्रम लावलेला, प्रत्येक वाक्य इंग्रजी व्याकरणात चोख. शाळेत अर्ज लिहायला शिकवतात ना, तसं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पाठवणारा, ते ॲप सांभाळणारा ओट्सो नावाचा कुणी, कुठल्या तरी थंड मुलखातला. फोटोच्या जागी मांजर. ‘हा मजकूर यंत्रानं लिहिलेला दिसतो. असले रिपोर्ट आम्ही वाचत नाही.’ खाली एकच शब्द, ‘बंद’.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ज्याला स्वतःचं तोंड दाखवायला जमत नाही, तो माझ्या नवऱ्याला माणूस आहेस का म्हणून विचारतो? मेला मांजरतोंड्या!"

हे हसले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत धड.

आणि माझं मन? मी ओट्सोला शिव्या घालत होते, पण अंथरुणात पडल्यावर तो रिपोर्ट डोळ्यांपुढून जाईना. एकही खाडाखोड नाही. सगळं सरळ रेषेत. दयानंद काय म्हणाला होता? तूच लिही, तूच पाठव. आणि हे गप्प राहिले होते.

सकाळी हे दिवाणखान्यात बसले होते. जुन्या फोनवर तंबोरा, शेजारी नवा फोन. आत कुकर शिट्ट्या देत होता. मी पदर खोचून दारात उभी राहिले आणि विचारलं, "अहो, खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही. ते तुम्हीच लिहिलं होतं ना? की दयानंदासारखं मशीनकडून लिहून घेतलंत?"

त्यांचं पद थांबलं. तंबोरा वाजत राहिला. माझ्याकडे बघितलं नुसतं, मग नव्या फोनवर बोट टेकवलं.

"बोला की."

"थांब गे स्वल्प," ते म्हणाले आणि उठून आत जाऊन मोजे शोधायला लागले.

नंतर त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. पण चैन पडेना. माणूस काही लपवायला लागला की मला वास येतो. यशवंतपूरला आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली तसं मी माझ्या कॉम्प्युटरवर त्या प्रोजेक्टचं पान काढलं. सगळं उघडंच असतं म्हणाले होते ना? मग बघूया.

त्या ‘बंद’च्या खाली ह्यांनी पुन्हा लिहिलं होतं. या वेळी महोदय नाही, आभार नाहीत, मथळे नाहीत. ‘आवाज सोबत जोडला आहे. काहीही कापलेलं नाही. पुरावा कापला की तो पुरावा राहत नाही, असं माझी बायको म्हणते.’

हे वाक्य माझंच. क्लेमवाल्यांना ऐकवते.

मी कानात इअरफोन घातले आणि तो आवाज लावला. तंबोरा. ह्यांचं पद. कुकरची शिट्टी. मग ‘खट्’. पहिल्यांदाच मला ते ऐकू आलं, आणि सूर लागलेला माणूस तिथं कसा ठेचकाळत असेल तेही कळलं. त्याच्यानंतर मी. ‘अहो, खरं सांगा.’

तो घरातला आवाज नव्हता. टेबलापलीकडं खोटं बिल घेऊन बसलेल्या माणसाला मी लावते, तो आवाज. सावकाश, गोड, आणि वाक्याच्या शेवटी चिमटा. मला तिथंच, डब्यासमोर, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली ओट्सोचं उत्तर होतं. ‘खट् ऐकू आलं. चूक खरी आहे, आजच दुरुस्त करतो. मला माफ करा. रोज इतके खोटे रिपोर्ट येतात की मी आता कुणावरच विश्वास ठेवत नाही. पण कुकरची शिट्टी मध्ये राहू देईल असं यंत्र अजून निघालेलं नाही. तुमचं नाव यादीत घालतो. एक विचारू? शेवटी त्या बाई काय म्हणतायत? रागावल्यासारख्या वाटतात.’

आणि त्याच्याखाली ह्यांचं. सगळ्या जगानं वाचावं असं, उघड्यावर.

‘ती माझी बायको. कॉफी झालीय, एवढंच सांगतेय.’

डबा तसाच मिटला. दुपारभर माझ्यापुढं क्लेमचे कागद होते, पण एकावरही शेरा मारला नाही.

घरी आले तर हे तोंडली चिरत होते. "नाव लागलं," खाली बघूनच म्हणाले. दयानंदाला कळवलंत का, नोकरीचं काही होईल का, यातलं मी काहीच विचारलं नाही. नोकरीचं अजूनही काही झालेलं नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठले. दूध तापवलं, रात्रीच लावून ठेवलेलं डिकॉक्शन घातलं, जमली तशी कॉफी केली. दिवाणखान्यात तंबोरा लागला होता. सांध्याची जागा आली आणि सुरळीत निघून गेली, तरी हे सवयीनं तिथं थांबलेच.

मी दारात उभी राहिले.

"कॉफी झालीय," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पेल्याकडं बघितलं. मग लॅपटॉप मिटलेला टेबलावर होता, त्याच्याकडं बघितलं. त्यांना कळलं.

"सरी," म्हणून त्यांनी पेला घेतला, आणि ती पाणचट कॉफी एक शब्द न बोलता शेवटपर्यंत प्यायले.