यादीतला शेवटचा धोका

निवृत्तीनंतर कारखान्याने मला परत बोलावलं ते एका फाइलसाठी. इंटरनेटला जोडलेली वस्तू कुणी परका बाहेरून ताब्यात घेऊ शकणार नाही, हे लेखी दाखवल्याशिवाय ती विकायची नाही, असा नवा कायदा आला होता. आमची वस्तू म्हणजे गिझर ठरल्या वेळी चालू-बंद करणारी तळहाताएवढी डबी. तिचा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी मी लिहिला. बरा लिहिला की कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

"काका, धोक्यांची यादी करताय की कादंबरी लिहिताय?" मालकाने दारातूनच विचारलं. "शुक्रवारी फाइल जायला हवी."

"एकच उरलाय," मी म्हणालो. कुठला, ते सांगायचा धीर झाला नाही.

दुरुस्तीला सोयीचा म्हणून मी एक गुप्त पासवर्ड ठेवला होता. त्याने कुठलीही डबी इंटरनेटवरून घरबसल्या उघडता यायची. अलीकडे तो मी एकाच घरासाठी वापरत होतो. वीज गेली की तिथल्या डबीचं घड्याळ चुकायचं आणि एक निवृत्त ग्रंथपाल बाई मला फोन करायच्या. घड्याळ लावायला अर्धं मिनिट लागे. मग त्या विचारायच्या, "सध्या काय वाचताय?" त्यात अर्धा तास जाई. एरवी माझा फोन वाजत नसे.

दोन दिवस ती ओळ मी कोरी ठेवली. पण मला उघडता येतं ते उद्या एखाद्या चोरालाही येईल, आणि त्याने गिझर चालूच ठेवला तर बाईंच्या नळाला कढत पाणी येईल. शेवटी लिहिलं. पासवर्ड काढून टाकला. घड्याळ आपोआप लागेल अशी सोय केली.

मग पहिल्यांदाच मी स्वतःहून त्यांना फोन लावला.

"बाई, आता घड्याळ चुकणार नाही."

"अगंबाई, खरंच? सुटले! दर वेळी तुम्हाला त्रास द्यायचा म्हणजे मलाच कसंतरी व्हायचं हो."

"नाही, तसं काही... पुन्हा बिघडलंच तर—"

"आता कशाला बिघडतंय? तुम्ही केलंय ना!" त्या हसल्या. "बराय, दूध ठेवलंय गॅसवर."

फोन बंद झाला. त्यांनी सुचवलेलं पुस्तक मी वाचून संपवलं होतं. बोलताना अडखळू नये म्हणून चार मुद्दे कागदावर काढून समोर ठेवले होते. त्यातला पहिलाही झाला नव्हता.