कोयत्याचा फोटो

गोदावरीकाठच्या त्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटायला चार दिवस उरले होते आणि संगणक विभागातला डेटाबेस काही उघडत नव्हता. जुनं मशीन बंद पडलं, म्हणून विभागातल्या हनुमंतभाऊंनी नव्या मशीनवर डेटाबेसची नवी आवृत्ती टाकली आणि जुना अख्खा फोल्डर उचलून तिच्यात ठेवला.

“जुना गडी नव्या मालकाकडं धाडला, एवढंच केलं म्या,” ते म्हणाले.

“हजेरीवही पण जुनीच दिलीत ना भाऊ. नवा मालक ती वाचीना.”

विभागात नव्यानं लागलेल्या सुकन्याचं खरंच होतं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय दाखवायचं, हे डेटाबेस स्वतःच्या सिस्टीम टेबलांत लिहून ठेवतो. ती टेबलं जुन्या घडणीची. नव्या आवृत्तीला त्यांत जास्तीचे रकाने हवे होते.

सुकन्या पाथर्डीकडची. तिचे आईवडील याच कारखान्यावर ऊसतोडीला यायचे, तेव्हा ती गावी आजीजवळ राहून शाळा शिकायची. वर्षातले सहा महिने आई नसायची. मग सहा वर्षांपूर्वी ती कायमचीच गेली. घरात आईचा, रंगुबाईचा, एकही फोटो नव्हता. वडील म्हणायचे, “कारखान्यावर काढला हुता की. आमी दोघं उभं हुतो क्यामेऱ्याम्होरं.” तोडणी मजुरांचे फोटो याच डेटाबेसात असायचे. इथं नोकरी लागल्यावर सुकन्या त्यात तो हंगाम शोधणार, तेवढ्यात मशीन बंद पडलं होतं.

तिनं आधी फोल्डरची प्रत काढून ठेवली. मग परवानग्या न तपासता डेटाबेस सुरू केला आणि टेबलं नव्या घडणीची करणारा प्रोग्राम चालवला. एका टेबलावर तो अडला. ते दुरुस्त करून तिनं तो पुन्हा चालवला. दुपारी तीनच्या सुमारास सगळं उघडलं. हनुमंतभाऊ शेतकी विभागाला सांगायला धावले.

तिनं वडिलांचं नाव टाकलं. भागवत. कोयता एक.

नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव नवऱ्याचं. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. फोटोही कोयत्याला एकच असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. फोटोत वडील एकटेच होते. फक्त कडेनं एक हात आत आला होता. हिरव्या बांगड्या, उसाच्या पाचटानं ओरखडलेलं मनगट.

तिनं वडिलांना फोन लावला.

“दिसली का गं?”

“हात दिसतोय अण्णा. तुमची कॉलर सरळ करतीय.”



“व्हय,” ते म्हणाले. “वाकडीच ऱ्हायची माझी.”