पहिला फटका गिऱ्हाइकाला

इंदापुरात बारामती रस्त्याला माझं सायकलचं दुकान, आणि शेजारी जोतीराम कातारी. आसूड करावा तर जोतीरामनेच. शिसवाची मूठ लेथवर अशी कातायचा की हातातून घसरायची नाही आणि हाताला रुतायचीही नाही. चामड्याची वादी चार पदरी, तेल पाजलेली. तरी गिऱ्हाईक टिकायचं नाही, कारण त्याचा नियम. आसूड हवा असेल तर पहिला फटका गिऱ्हाइकाने स्वतःच्या पोटरीवर खायचा, जोतीरामच्या हातचा आणि पुरा.

"बैलाला काय लागतं ते कळल्याबिगर आसूड द्यायचा न्हाय," म्हणायचा.

निम्मी माणसं शिव्या घालत भिगवणच्या बाजारातून नायलॉनचा चाबूक आणायची. उरलेली लंगडत घरी जायची, पण ती पुढं आसूड हवेतच वाजवायची, बैलाला लावायची नाहीत. मी म्हणायचो, "जोत्या, तू धंदा करतोस का शाळा चालवतोस?" तो नुसता हसायचा.

सत्त्याण्णव साली झेडपीच्या निवडणुकीच्या तोंडावर एका पतसंस्थेचे चेअरमन वसंतराव दुकानापुढं गाडीतून उतरले. पाहुण्यांच्या सत्काराला शाल-नारळाऐवजी त्यांना आसूड द्यायचा होता. सोबत फोटोग्राफर. जोतीरामने नियम सांगितला तसा वसंतरावांचा चेहरा उतरला, पण फोटोग्राफरचा खुलला. तो त्यांच्या कानाला लागला, आणि वसंतरावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"मारा जोतीराम! मुक्या जनावराचं दुख आमालाबी कळू द्या!"

जोतीरामने हात उचलला. मी मागून पुटपुटलो, "आरं, बेतानं. मानूस मोठा हाय." खोटं कशाला बोलू, मीच पुटपुटलो. फटका असा पडला की पोटरीवरची माशी उडाली असती, मेली नसती.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात. खाली ओळ, 'मुक्या जिवांची वेदना जाणणारा नेता'. मग काय, रांगच लागली. ज्यांच्या दारात शेळीसुद्धा नाही असे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते पोटऱ्या उघड्या टाकून उभे. आसूड न्यायचा आणि दिवाणखान्यात टांगायचा. भिंती आखूड म्हणून वादी आखूड झाली, मुठीवर लाखेचे लाल-हिरवे पट्टे आले. जोतीरामला जन्मात पहिल्यांदा लोक 'जोतीरामराव' म्हणायला लागले. माझ्या सल्ल्याने माणूस मार्गी लागला म्हणून मीही गावभर छाती काढून फिरलो.

ऊसतोडीच्या हंगामात झुंबर नावाचा एक तोडणी मजूर दारात गाडी उभी करून आला. यंदाच पहिल्यांदा बैलगाडी धरलेला, नवखा. त्याला भिंतीवरचा नको होता, खरा लांब आसूड हवा होता. जोतीराम इतका हरखला की त्याने झुंबरचा पंजा मापून मूठ कातली, वादी स्वतः विणली, आणि नियम सांगितला. झुंबरने निमूट पाय पुढं केला, डोळे मिटले, दात आवळले.

जोतीरामने हात उचलला. फटका पडला तो वसंतरावांना मारला होता तसलाच. आठ-नऊ महिने हाताला तीच सवय लागली होती. जोतीराम स्वतःच्या हाताकडं बघत राहिला.

झुंबरने एक डोळा उघडला. "झालं?"



"आयला! एवढंच लागतं व्हय? आन् मी उगंच बैलांना गोंजारत बसलोय!"

जोतीरामच्या हातून आसूड काढून घेऊन तो गाडीवर चढला आणि त्याने तो बैलावर ओढला. हवेत वाजलेला आसूड मी वीस वर्षं ऐकलाय. हा आवाज तो नव्हता. उजव्या बैलाची पाठ शहारली.

जोतीरामने भिंतीवरचा दुसरा आसूड ओढून घेतला आणि तसाच अनवाणी रस्त्यावर धावला. "झुंबर, थांब! खोटा मारला रं मी! थांब, परत मारतो!"

झुंबरने वळून पाहिलं. आसूड उगारून एक माणूस बोंबलत मागं लागलेला. तो घाबरला, आणि त्याने दोन्ही बैलांना झोडपायला सुरुवात केली. जोतीराम जितका जोरात धावत होता, तितका त्या बैलांना मार बसत होता.