शेवटच्या चौकटीतला फुगा

प्रेम कसं करावं हे अक्षरताईंना जितकं पाठ होतं, तितकं त्यांच्या मासिकाच्या एकाही वाचकाला नसेल. पाठ होणारच हो! प्रेमकथांच्या त्या सचित्र मासिकात पात्रांच्या तोंडचे फुगे भरायचं काम त्यांचंच. लेखकाचा मजकूर यायचा, चित्रकार पेन्सिलीनं चौकटी आणि रिकामे फुगे काढायचे, अक्षरताई टाकानं त्यांत संवाद लिहायच्या, आणि मग पान शाई चढवायला पुन्हा चित्रकारांकडे जायचं. उभी हयात दुसऱ्यांच्या तोंडी ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ लिहिण्यात गेली, आणि स्वतः बाई एकट्याच्या एकट्या. आता याला काय म्हणावं!

घर दोन खोल्यांचं. संध्याकाळी कुलूप काढून आत यावं तर सकाळचा कप जिथल्या तिथं. हलवणार कोण? कधीकधी त्या मुद्दाम रेडिओ चालू ठेवून कामाला जायच्या, परत येताना दाराबाहेर कुणाचा तरी आवाज ऐकू यावा म्हणून.

मासिकातल्या प्रेमाचे नियम ठरलेले. चांगल्या मुलीनं आपणहून बोलायचं नाही. आधी बोलते ती दुसरी, आखूड केसांची, लांब डूल घालणारी, आणि तिचं शेवटी वाटोळंच होतं. चांगलीनं खिडकीशी उभं राहून मुळुमुळु रडायचं. मग शेवटच्या पानावर तो धापा टाकत परत येतो, की झालं. अक्षरताई या सगळ्याला नाक मुरडायच्या. धाकट्या बहिणीला म्हणायच्या, असले पुरुष फक्त आमच्या चित्रकारांच्या पेन्सिलीत सापडतात. पण रोज तेच लिहून लिहून ते त्यांच्या अंगात मुरलं होतं, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चित्रकार समोरच्याच टेबलावर बसत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं बेताचं. पण बाहेरचा उजेड कमी झाला की आपला टेबलदिवा न बोलता अक्षरताईंकडे सरकवायचे. दौतीचं झाकण अडकलं की हात पुढे करायचे आणि उघडून द्यायचे. अक्षरताईंना ते आवडत होते. उगाच आडपडदा कशाला, जीव जडला होता. सुट्टीच्या दिवशी त्या दोन खोल्यांत त्यांना त्या दिव्याची आठवण यायची. पण बोलतील तर शपथ! बसल्या तोंडात मिठाची गुळणी धरून. त्यांच्या मनात असेल तर तेच बोलतील, त्यांनीच बोलायचं असतं.

मग चित्रकारांचा हात थरथरायला लागला. परगावच्या मुलीनं त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं. ही कथा पुरी करतो आणि जातो, असं त्यांनी ऑफिसात सांगितलं. अक्षरताईंनी स्वतःची समजूत घातली की अजून शेवटचं पान बाकी आहे.

ते पान शेवटच्या दिवशीच त्यांच्या टेबलावर आलं. शेवटच्या चौकटीत एक पुरुष बॅग घेऊन दारात उभा, त्याच्या फुग्यात लिहायचं होतं, ‘मी निघू?’ समोर टेबलाशी एक बाई, आणि तिच्या तोंडाशी भला मोठा रिकामा फुगा. तोही पेन्सिलीत नाही, थेट शाईनं काढलेला. अक्षरताईंनी केसांवर चढवलेला चष्मा खाली ओढून मजकूर पुन्हा पाहिला. तिथं म्हटलं होतं, ती काहीच बोलत नाही. बिचाऱ्यांचा हात आणि लक्ष दोन्ही थाऱ्यावर नाही, असं त्यांना वाटलं. ऑफिसचा रिवाज असा की ज्या फुग्याला मजकूर नाही, तो पुसायचा. त्यांच्या अखेरच्या पानावर डाग नको म्हणून अक्षरताईंनी बारीक कुंचल्यानं, अगदी मायेनं, पांढरी शाई लावून तो फुगा पुसून टाकला.

चित्रकारांनी पान हातात घेतलं आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

“फुगा पुसलात?”

“मजकुरात काही नव्हतं.”

“हो,” ते म्हणाले. “मजकुरात नव्हतं.”

मग त्यांनी पानावर शाई चढवली, ब्रश धुतले, फडक्यात बांधले. गाठ सोडली, पुन्हा धुतले, पुन्हा बांधले. संपादकांनी पाठवलेला चहा निवून गेला. अक्षरताई मान खाली घालून कान टवकारून बसल्या होत्या, आता बोलतील, मग बोलतील. ते येतो म्हणाले आणि गेले. जिन्यावरची पावलं थांबली की काय असं त्यांना एकदा वाटलं, पण तो त्यांचा भास होता. पहारेकरी कुलूप लावायला येईपर्यंत त्या दाराकडे बघत बसून राहिल्या.

अंक छापून आला तेव्हा त्यांनी सवयीनं आधी आपलं अक्षर तपासलं. शेवटच्या चौकटीत मात्र तपासायला काहीच नव्हतं, म्हणून नजर बाईच्या चेहऱ्याकडे गेली. इतक्या वर्षांत त्यांनी फुगेच पाहिले होते, चेहरे कधी नीट बघितलेच नव्हते. चष्मा केसांवर चढवलेला. मधल्या बोटाला शाई. शेजारी सरकवलेला टेबलदिवा. मागच्या भिंतीवर चित्रकारांनी फुलांची नक्षी काढली होती, फक्त पुसलेल्या फुग्याची जागा तेवढी कोरी सोडली होती.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी संपादकांच्या टेबलावरून चित्रकारांच्या मुलीच्या घरी फोन लावला. चित्रकारांनीच उचलला.

“मी बोलतेय. अंक आला.”

“छपाई बरी आहे?”

आजवर लिहिलेलं एकही वाक्य कामाला येईना. पण आज अक्षरताई आधी बोलल्या.

“मला त्या दिवशी म्हणायचं होतं, थांबा.”

पलीकडे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला.

“थांबलो होतो की,” ते हळूच म्हणाले. “ब्रश दोनदा बांधले.”

मग इकडचंतिकडचं सांगत राहिले. इथं आता बस्तान बसलंय, नात आपल्याशिवाय झोपत नाही, आता इथून हलणं व्हायचं नाही. तिची शाळेतून यायची वेळ झाली होती. तब्येतीला जपा म्हणाले आणि फोन ठेवला.

अक्षरताई रिसीव्हर कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. संपादक जेवून आले, कुणाचा फोन म्हणून त्यांनी विचारलं.

“आपल्या चित्रकारांशी बोलत होते,” त्या म्हणाल्या. “छपाई बरी आहे का, विचारत होते.”