मळीच्या हौदातलं कोंबडं

दोरीने हौदात सोडलेलं कोंबडं वर आलं ते मान टाकूनच. अंगावर ना जखम, ना रक्ताचा थेंब. कोपरगावकडच्या त्या साखर कारखान्यात मळीच्या हौदाभोवती जमलेल्या कामगारांनी हात जोडले. गोरक्षनाथ भगताने कोंबडं पायांना धरून सगळ्यांसमोर फिरवलं. हौदातल्या आईने बळी घेतला, तिचं पोट भरलं, आता खुशाल खाली उतरा आणि तळ खरवडा, असं त्याने सांगितलं.

बन्सी उतरेना. गेल्याच आठवड्यात त्याचा भाऊ आसाराम याच हौदात उतरला होता. त्याला वरूनच आकडा टाकून ओढून काढावं लागलं, तेव्हा तो गार झाला होता.

"ह्याच्या अंगात आसाराम बसलाय," म्हणत भगताने साखळी उचलली. दोघांनी बन्सीला दाबून धरलं. दुसऱ्या फटक्याला त्याची पाठ फुटली.

मरियम धावत आली. मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या या नर्सला कारखान्याने नेमलं होतं ते ठेचलेल्या बोटांना टिंक्चर लावायला. पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला. तरी तिने साखळी पकडली आणि सोडली नाही.

"आईचं पोट भरलंय ना?" ती म्हणाली. "मग आता दुसरं कोंबडं सोडा. ते जगलं पाहिजे."

भगत नको नको म्हणत राहिला, पण लोकांनी दुसरं कोंबडं सोडलं. तेही मेलं. मग मरियमने पेटता कंदील सोडला. तो निम्म्यावरच विझला.

"भगतबुवा, आई लई खादाड दिसती तुमची," कुणीतरी म्हणालं. लोक हसले, आणि हसता हसता भडकले. त्यांनी भगताची गचांडी धरली, तोंडावर गुद्दे घातले आणि त्याचे पाय हौदात लोंबकळवले. आता तूच उतर म्हणाले.

"नगा रं," तो रक्त थुंकत ओरडला. "खाली इखारी हवा हाय. जुन्या बारवंत मानसं मेलेली बघितल्यात म्या. कोंबडं तिनंच मरतं."

बन्सीने साखळी उगारली. मरियम आडवी झाली. "बन्सीदादा, हवं होतं ते तो बोलला. त्याला फौजदाराकडे द्या."

मग तिने समजावून सांगितलं. मळी आंबली की तिच्यातून जड हवा सुटते आणि तळाशी साचते. त्या हवेत ज्योत विझते, कोंबडं मरतं, माणूसही मरतो. कोंबडं मरून सांगत होतं की उतरू नका. लोकांनी त्यालाच उतरायची परवानगी मानलं.

ती मॅनेजरकडे गेली. दवाखान्याचं काम माणूस खाली उतरण्याआधी सुरू होतं, हे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग कामगारांनी हौदाची सगळी झाकणं उघडली, लोहारखात्यातला भाता आणून हौदात हवा भरली. कंदील बन्सीनेच सोडला, पाठीवर पट्टी बांधलेली असताना. ज्योत तळापर्यंत जळत राहिली, तेव्हाच कमरेला दोरी बांधून माणूस उतरला.

मेलेल्या कोंबड्याला हात जोडण्याआधी ते कशाने मेलं, एवढं विचारा. आसाराम कशाने मेला, हे कुणीच विचारलं नव्हतं.