एव्हर्टचं भूत आणि मंतरलेला कागद

माझी धाकटी बहीण तायमी, युद्धावरून परतलेल्या उर्होशी लग्न करून कार्पिनेनांच्या घरी गेली, त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तिचा मेलेला सासरा एव्हर्ट घरात फिरतो, अशी आमच्या साऱ्या कायनू भागात बोलवा झाली. मी पोचलो तेव्हा अंगणातल्या बर्फात इतक्या घसरगाड्या उभ्या होत्या, की आत लिलाव चालला असावा असं वाटलं.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात नेस्तोरी वैदू उभा आणि त्याच्या पुढ्यात बाकावर तायमी डोकं धरून बसलेली.

"एव्हर्ट, सून पसंत नाही ना तुला?" नेस्तोरीने आढ्याला विचारलं. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? नाही म्हणतोय."

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणालो.

"तुला जित्या माणसांचं तरी कधी ऐकू येतं?" तायमीची सासू लोविसा म्हणाली. लोक हसले.

नेस्तोरीने जुनिपरच्या झुडपाची फांदी ओवाळली, पुटपुटला, फुंकर मारली. हळूहळू तायमीची डोकेदुखी उतरली. बाया हात जोडून पुढे सरकल्या.

"भूत फटीतून येतं," नेस्तोरी म्हणाला. "माझा मंतरलेला कागद लावा. एक फट सोडू नका."

थंडी पडली की खिडक्यांच्या फटींवर कागद आम्ही सगळेच चिकटवतो. पण याने दारांच्या, जमिनीच्या फळ्यांच्या फटी, भिंतीतलं हवेचं भोकसुद्धा बुजवायला लावलं. लोविसाने खळ शिजवली आणि स्वतःच्या हाताने पट्ट्या लावल्या. वैदूला कॉफी आणि लोणी मिळालं. कॉफी त्याने दारातच, उभ्याने प्यायली. ते मला खटकलं.

पुढच्या आठवड्यात तायमी घर तापवायच्या भट्टीपाशी चक्कर येऊन पडली. तिला दिवस गेले होते.

"एव्हर्ट हट्टी आहे," नेस्तोरीने निकाल दिला. "सून घरात आहे तोवर तो जायचा नाही."

उर्हो दिवसभर जंगलात झाडं तोडायचा. तो खाली मान घालून तायमीला म्हणाला, "रविवारी तुझ्या दादाकडे जा."

"आणि परत कधी येऊ?" तायमीने विचारलं.

माझ्या मनाला काही पटेना. हे भूत जंगलात जाणाऱ्या मुलाला सोडून फक्त घरात बसणाऱ्या सुनेलाच का धरतं? कडाक्याच्या थंडीतच का येतं? मी स्की चढवल्या आणि तालुक्याच्या नर्सबाईंना, साइमी मोइलानेनना, घेऊन आलो.

रविवारी पुन्हा गर्दी होती. लोविसा नुकतीच भट्टीच्या धुराड्याची झडप लावत होती. आमच्याकडे झडप जितकी लवकर लागेल तितकी गृहिणी काटकसरी, आणि लोविसाच्या आधी गावात कुणाची झडप लागत नसे.

नर्सबाईंनी भट्टीचं दार उघडलं. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नाचत होत्या.

"एवढ्यात झडप लावता, लोविसाबाई?"

"मग काय ऊब आभाळाला वाटू?"

"या निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो. वास नाही, रंग नाही. झडप लावली की तो खोलीत पसरतो आणि पोटुशीला सगळ्यांत आधी बाधतो. पूर्वी फटींतून थोडा बाहेर जायचा, आता तुम्ही फटी बुजवल्यात. तायमी उघड्या दारात बसली की बरी होते, ती हवेने. मंत्र तिथे नुसता हजर असतो."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून एव्हर्ट नाही होय?" नेस्तोरी दारातूनच म्हणाला.

"आत या ना, नेस्तोरी. भट्टीपाशी बसून बोलू."

तो हलला नाही.

"तुम्ही तरुणपणी कोळसा भाजायचात ना? या वायूने माणूस कसा पडतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

नेस्तोरीने टोपी घातली आणि वाट धरली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहो, एव्हर्टला सोबत न्या." उर्होने झडप उघडली आणि कागद टराटरा फाडला. तायमी राहिली.

लोविसाला तो अपमान वाटला. उरलेला मंतरलेला कागद घेऊन ती अंगणापलीकडे घरच्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या खोपटात राहायला गेली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. नर्सबाई दोनदा आल्या. तिने दार उघडलं नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. निखारे पुरते काळे पडेपर्यंत झडप उघडी ठेवा, घरात हवेला वाट ठेवा. डोकं दुखलं तर वैदूच्या आधी दार उघडा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो स्वतः कुठे उभा आहे ते आधी बघा.

तायमीला ऑगस्टमध्ये मुलगी झाली. लोविसा कार्पिनेन मार्चमध्येच, बर्फ उतरण्याआधी, त्या खोपटात झोपेत गेली. धुराड्याची झडप बंद होती.